स्विच न्यूट्रलवर टाकला तरी चालतो?

‘दिवा विझला की झालं, स्विच कोणत्याही तारेवर टाका’ हा समज अजून अनेकांचा आहे. तो जिवावर बेतणारा आहे. स्विचनं न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तोडला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्टचा फेज (वीज आणणारी जिवंत तार) तसाच राहतो. बल्ब बदलताना झटका बसतो. बंद केलेला एलईडी मिणमिणत असेल तर आधी हेच तपासा.

भारनियमनात लाइट गेली म्हणून बोर्ड उघडू नका, ती कधीही येते. मेन स्विच पाडाच. जुन्या घरांत तारांच्या रंगावर भरवसा नको. बोर्ड उघडल्यावर तारांना हात न लावता मेन तेवढ्यापुरता चालू करा, टेस्टरनं फेज ओळखून खूण करा आणि मेन पुन्हा पाडून मगच हात घाला. फेज ६ अँपिअरच्या स्विचच्या एका स्क्रूत, दुसऱ्यातून तार दिव्याकडं. न्यूट्रल थेट होल्डरला. स्क्रू कचकचून आवळा. ढिला राहिला तर ठिणग्या पडून स्विच वितळतो.