रानवाट, रवंथ आणि मेंदू

हिरव्या वाटेवर तासभर चालून आलं की मन हलकं होतं, आणि त्याचं कारण हमखास सांगितलं जातं: ‘झाडांमुळे ऑक्सिजन जास्त मिळतो.’ हे साफ चूक आहे. कोरड्या हवेत ऑक्सिजन सुमारे 20.95 टक्के असतो. जंगल असो की भर चौक, वारा हवा सतत घुसळत असल्यामुळे या आकड्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बसल्या जागीही 95 टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. आणखी भरायला जागाच कुठे उरते? झाडाला मिठी मारून ‘ऊर्जा’ खेचून घ्यायला सांगणाऱ्यांना तर ती मोजायची कशाने, एवढंच विचारावं. खरं कारण याहून कितीतरी सुंदर आहे, आणि ते आपल्या लक्ष देण्याच्या पद्धतीत आहे.

हिशेब तपासताना किंवा गर्दीतून गाडी काढताना लक्ष मुद्दाम लावावं लागतं. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे बाकीचं अडवून धरणं: हॉर्न, पाट्या, मोबाइलची ट्रिंग, शेजारचं बोलणं. हे अडवणं फार वेळ चाललं की थकवा येतो, अशी मांडणी रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने केली. याउलट पानांची सळसळ किंवा पाण्यावरची तिरीप लक्ष आपोआप वेधते. डोळा तिथे जातो, जरा रेंगाळतो, सुटतो. अटीतटीचा सामनाही लक्ष आपोआपच वेधतो, पण तो सगळं मन व्यापून टाकतो. तिरीप थोडंसंच मन घेते आणि उरलेलं मोकळं सोडते. अडवणारी यंत्रणा तेवढ्या वेळात विसावते.

मनाच्या दुखण्याशी याचा थेट संबंध आहे. अडवण्याची ताकद संपली की नकोसे विचारही अडवता येत नाहीत. ‘मी तसं का बोललो’, ‘माझ्याच वाट्याला हे का’ असा रवंथ सुरू होतो, आणि हा रवंथ नैराश्याकडे नेणारी ओळखीची वाट आहे.

2015 मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 निरोगी शहरी माणसं घेतली. निम्म्यांना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या गवताळ, ओकची झाडं विखुरलेल्या टेकड्यांवर 90 मिनिटं चालवलं, निम्म्यांना तेवढाच वेळ वाहत्या रस्त्याच्या कडेने. चालण्याआधी आणि नंतर मेंदूचा एमआरआय केला. धमनीतल्या रक्तातल्या पाण्यावर चुंबकीय खूण करायची आणि खूण केलेलं रक्त मेंदूच्या कोणत्या भागात किती पोचतं ते मोजायचं, अशी ही पद्धत. टेकडीवर चाललेल्यांचा रवंथ कमी झाला होता. त्याचबरोबर मेंदूच्या पुढच्या बाजूच्या सबजेन्युअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागातली हालचालही मंदावली होती. दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचं, म्हणजे कॉर्पस कॅलोसमचं, पुढचं टोक गुडघ्यासारखं वळतं. सबजेन्युअल भाग त्या वळणाच्या खाली असतो आणि खिन्नतेत, स्वतःला कोसताना जागा होतो. रस्त्याकडेने चाललेल्यांत यातलं काहीच बदललं नाही. पाय तर दोघांचेही चालत होते.

फिरणं आवडलंच पाहिजे, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क बर्मन यांच्या 2008 च्या प्रयोगात लक्ष किती टिकतं हे पाहायला लोकांना आकडे ऐकवून उलट म्हणायला लावलं: 5-2-8-1 ऐकायचं, 1-8-2-5 म्हणायचं. झाडांमधून पन्नासेक मिनिटं चालल्यावर हे जास्त चांगलं जमू लागलं. कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना चालणं सुखाचं वाटलं नाही, तरी फायदा झालाच. याच गटाने 2012 मध्ये नैराश्य असलेल्या 20 जणांना आधी एक न सुटलेला दुःखद प्रसंग आठवायला सांगितला आणि मग चालायला पाठवलं. बागेत फिरून आल्यावर त्यांचीही आकडे धरून ठेवण्याची क्षमता सुधारली. हा आधार आहे; औषध आणि समुपदेशन चालू असेल तर ते सोडायचं नाही.

करून पाहायचं तर एका वेळी 50 ते 90 मिनिटं ठेवा. वेग असा की पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सुरुवातीला रवंथ चालूच राहतो. तो जबरदस्तीने थांबवू नका, कारण थांबवणं म्हणजे पुन्हा अडवणंच, आणि थकलेल्या यंत्रणेला परत कामाला जुंपणं. त्याऐवजी नजर लांबच्या फांद्यांवर, जवळच्या सालीवर फिरू द्या.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. मोबाइल हातात असतो. पावलं मोजून लक्ष्य गाठण्याची घाई असते; तीही मुद्दाम लावलेल्या लक्षाचीच मागणी आहे. तिसरं कारण म्हणजे अनोळखी, निसरडी किंवा असुरक्षित वाट. तिथे मेंदू धोका हुडकत राहतो आणि विसावा मिळत नाही. म्हणून सुरुवात नेहमीच्या, उजेडातल्या वाटेनेच करा. मोठं जंगल हवं असं नाही, रहदारीपासून दूर असलेली जुन्या झाडांची बागही चालते. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या 2019 च्या पाहणीत आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम दिला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही.