ग्रेलिंग ट्राउटची अंडी फस्त करतो का?

इंग्लंडमधील टेस्ट आणि इचेन या नद्यांतून ग्रेलिंग मासा अनेक दशके जाळ्यांनी उपसून काढला गेला, कारण तो ट्राउट या माशाची अंडी फस्त करतो असा समज होता. हा संहार मला अन्यायकारक वाटतो. ट्राउटची मादी तळाच्या खडीत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि ती खडीखाली झाकते. ग्रेलिंगच्या तोंडी लागतात ती मुख्यतः प्रवाहात सुटलेली अंडी, जी एरवीही क्वचितच जगतात आणि जी खुद्द ट्राउटही खातो. शिवाय ग्रेलिंग ट्राउटच्याच कुळातला आहे. मात्र त्याची वीण वसंतात होते, म्हणून तेथील नद्यांवर चब आणि पर्च या माशांप्रमाणे त्यालाही १५ मार्च ते १५ जून हा मासेमारीचा बंदीकाळ लागू असतो.