प्लेगची इस्पितळे: कोणाची, कोणासाठी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केले: गाठीचा प्लेग. गोदीलगतची धान्याची कोठारे, उंदीर, खच्चून भरलेल्या चाळी. साथीला आणखी काय हवे? रुग्णांना सक्तीने हलवायला सुरुवात होताच ऑक्टोबरअखेरीस गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, हीच लोकांची समजूत.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. (मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला तो हाच.) अवघी चार कलमे, अधिकाऱ्याला संरक्षण, रुग्णाच्या हक्काबद्दल अवाक्षर नाही. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे शिपाई थेट देवघरापर्यंत घुसले. २२ जूनला गणेशखिंडीत चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. शाळेतली गोष्ट साधारण इथेच थांबते.

लोकांचा राग उपचारांवर नव्हता, जबरदस्तीवर होता. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारले आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना ‘केसरी’तून खडसावले. मुंबईत जातीजातींनी, पंथापंथांनी आपापली इस्पितळे काढली. आपल्या हातचे पाणी, उशाशी आपले माणूस मिळणार म्हटल्यावर इस्पितळाची धास्ती कमी झाली. हाफकिनची प्लेगवरची लस खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातले अनेक जण पुढे आले. बंधुभाव होता, पण बहुतेक ठिकाणी तो जातीच्या कुंपणाशी थांबत होता.

ससाणे मळ्यात ते कुंपण नव्हते. लष्करात डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक मुलाला, यशवंतरावांना, सावित्रीबाई फुल्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ या मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणला. वय सहासष्ट. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

यामागे जुनी तालीम होती. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते, आणि त्याही कामात सावित्रीबाई होत्या.