ब्रिजेट लव्हज बर्नी

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने १६ सप्टेंबर १९७२ ते ३ मार्च १९७३ या काळात प्रक्षेपित केलेली प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. रूढ शब्दात सिटकॉम. एकूण भाग २४, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. आयरिश कॅथलिक मुलगी व ज्यू मुलगा यांचा विवाह आणि त्यामुळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले व्याही हा तिचा विषय. निर्मिती स्क्रीन जेम्स या संस्थेची आणि मूळ कल्पना बर्नार्ड स्लेड या कॅनडात जन्मलेल्या लेखकाची. ‘द पार्ट्रिज फॅमिली’ ही लोकप्रिय मालिकाही त्याचीच.

ब्रिजेट फिट्झजेरल्ड (मेरेडिथ बॅक्स्टर) प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बर्नी स्टाइनबर्ग (डेव्हिड बर्नी) लेखक होण्याची स्वप्ने पाहत न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवतो. दोघे प्रेमात पडतात आणि मग एकमेकांची आडनावे ऐकून गप्प होतात. आडनावावरून माणसाचे घर ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला या प्रसंगाचा वेगळा खुलासा नको. लग्नानंतर जोडपे बर्नीच्या आईवडिलांच्या डेलिकटेसनच्या, म्हणजे राय ब्रेड, पस्त्रामी, लोणच्याच्या काकड्या असा ज्यू खाद्यपदार्थांचा माल विकणाऱ्या दुकानाच्या, वरच्या मजल्यावर राहते. सॅम व सोफी स्टाइनबर्ग (हॅरोल्ड स्टोन व बीबी ऑस्टरवॉल्ड) आणि मो मामा (नेड ग्लास) ही सासरची मंडळी. माहेर श्रीमंत. वॉल्टर व एमी फिट्झजेरल्ड (डेव्हिड डॉइल व ऑड्रा लिंडली) यांचा मुलगा मायकेल कॅथलिक पाद्री आहे, आणि गंमत अशी की दोन्ही घरांत सर्वांत समजूतदार तोच. कथानकांचा भर नवराबायकोच्या कुरबुरींपेक्षा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांवर आहे. ‘व्याही’ या नात्याला इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही. स्टाइनबर्गांच्या पिढीच्या यिद्दिश या ज्यू भाषेत मात्र ‘मखुतोनिम’ असा नेमका शब्द आहे.

मालिकेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. समीक्षक तिचे मूळ सामान्यतः ॲन निकल्स यांच्या ‘एबीज आयरिश रोझ’ या नाटकात शोधतात. मे १९२२ मध्ये ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे १९२७ पर्यंत २,३२७ प्रयोग झाले. त्यातील ज्यू नायक आयरिश पत्नीचे ‘मर्फी’ हे आडनाव ‘मर्फेस्की’ करून तिला वडिलांपुढे उभी करतो. त्या जोडप्याची लग्नेही तीन होतात : मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या पाद्र्यापुढे, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरूपुढे आणि कॅथलिक धर्मगुरूपुढे. पुढे १९४२ ते १९४४ या काळात हे नाटक एनबीसी रेडिओवर मालिकारूपाने ऐकवले गेले. साम्य उघड असले तरी त्याला थेट उसनवारी म्हणणे अवघड आहे. स्वतः निकल्स यांनी ‘द कोहेन्स अँड केलीज’ (१९२६) या चित्रपटाविरुद्ध युनिव्हर्सल कंपनीवर खटला भरला होता. १९३० मध्ये त्याचा निकाल देताना न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी म्हटले की ज्यू व आयरिश बापांचे भांडण, मुलांचे लग्न आणि शेवटी समेट हा आराखडा कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही. स्वामित्व मांडणीवर असते, कल्पनेवर नव्हे. स्वामित्वहक्काच्या कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. हे पाहता मालिकेची वंशावळ एकाच नाटकाशी नेऊन भिडवण्यापेक्षा स्थलांतरितांच्या रंगभूमीवर आधीपासून रुळलेल्या साच्याशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. दूरचित्रवाणीवर परसंस्कृतीतला जोडीदार नवा नव्हता. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१–५७) मधील पती क्यूबन आहे. मात्र तेथे सासर क्वचितच दिसते आणि धर्माचा प्रश्न निघत नाही.

येथे तो निघाला, आणि दोन धर्मांत सारखा निघाला नाही. कॅथलिक चर्चने नुकतीच आपली अट सैल केली होती. पोप सहावे पॉल यांच्या १९७० च्या ‘मात्रिमोनिया मिक्स्ता’ या पत्रानुसार मुलांना कॅथलिक दीक्षा देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन केवळ कॅथलिक जोडीदाराने द्यायचे होते. दुसऱ्याकडून वचन घेणे थांबले. ज्यू धर्मशास्त्र म्हणजे हलाखा याउलट मातृवंश मानते. ब्रिजेटने धर्मांतर केले नाही तर तिची मुले हलाखानुसार ज्यू ठरत नाहीत, बाप स्टाइनबर्ग असला तरी. (अमेरिकेतील रिफॉर्म या सुधारणावादी ज्यू पंथाने पित्याकडूनही वंश ग्राह्य धरण्याचा ठराव केला तो १९८३ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर दहा वर्षांनी.) वंशाच्या या काटेकोर चौकशीची झळ कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजालाही लागली होती. विवाहाआधी त्यांची पूर्वपीठिका तपासण्याचा तेथील मुख्य रब्बींचा आदेश आंदोलनानंतर १९६४ मध्ये बदलला गेला. अमेरिकेत तर १९७०–७१ च्या ज्यू लोकसंख्या पाहणीने समाजाची झोप उडवली होती. अलीकडच्या विवाहांत जवळजवळ एकतृतीयांश ज्यू समाजाबाहेर लग्न करत असल्याचा अर्थ तिच्यातून काढला गेला. हा आकडा कसा मोजायचा याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. धसका मात्र खरा होता.

या पार्श्वभूमीवर ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह व रिफॉर्म या एरवी क्वचितच एका सुरात बोलणाऱ्या तिन्ही पंथांच्या रब्बींनी मालिकेविरुद्ध आवाज उठवला. जाहिरातदारांवर दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. ज्यू डिफेन्स लीग या आक्रमक संघटनेचे लोक आपल्या घरी येऊन थडकले होते आणि बाँबच्या धमक्याही आल्या होत्या, असे बॅक्स्टर यांनी पुढे सांगितले आहे. मालिका ज्यूंची थट्टा करते, हा आक्षेप वरवरचा वाटतो; सोफी स्टाइनबर्गपेक्षा भडक ज्यू आया विनोदी रंगभूमीने आधी पाहिल्या होत्या. ‘एबीज आयरिश रोझ’मध्ये निदान तीन लग्ने आणि बापाचा संताप तरी होता. येथे कोणीही धर्म बदलत नाही आणि संसार सुखाने चालतो. खरी बोच ती असावी.

मालिका बंद का झाली, हा सर्वांत वादाचा मुद्दा. शनिवारी रात्री साडेआठला, ‘ऑल इन द फॅमिली’ व ‘द मेरी टायलर मूर शो’ या दोन यशस्वी कार्यक्रमांच्या मधोमध ती दाखवली जाई. १९७२–७३ च्या हंगामात नील्सन या संस्थेच्या प्रेक्षकसंख्येच्या मापनात तिला २४.२ गुण मिळाले. एक गुण म्हणजे दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांपैकी एक टक्का. त्या हिशेबाने सुमारे दीड कोटी घरे. हंगामाच्या क्रमवारीत ती पाचव्या स्थानी होती, तेही दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या बरोबरीने. इतक्या वरच्या स्थानावरची मालिका एका हंगामात गुंडाळली जाणे दुर्मीळच. कंपनीने निषेधाचा संबंध नाकारला. आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक मालिकेला टिकवता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. आकडे या म्हणण्याला अंशतः दुजोरा देतात, कारण ‘ऑल इन द फॅमिली’चे गुण ३३.३ होते, म्हणजे अर्ध्या तासात नऊ गुण गळत. पण मागून येणाऱ्या ‘मेरी टायलर मूर’चे गुण २३.६, म्हणजे याहूनही कमी होते, आणि ती मालिका १९७७ पर्यंत चालली. केवळ गळतीने हा निर्णय समजत नाही. गळती हे सोयीचे कारण ठरले आणि पारडे निषेधाने झुकवले, असे मानणाऱ्यांची बाजू त्यामुळे वजनदार वाटते. रिकामी झालेली वेळ पुढच्या हंगामात ‘मॅश’ या मालिकेला मिळाली.

पडद्यावरील जोडप्याने १९७४ मध्ये प्रत्यक्ष विवाह केला. तो १९८९ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ज्यू विक्रेता व आयरिश कॅथलिक विधवा यांच्या प्रेमावर ‘चिकन सूप’ ही मालिका आणली. जॅकी मेसन व लिन रेडग्रेव्ह यांच्या त्यात भूमिका होत्या. तीही ‘रोझॅन’ या गाजत्या मालिकेला जोडून ठेवलेली होती, आणि दोन महिन्यांच्या आत बंद झाली. आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक टिकत नाही, ही तक्रार याही वेळी झाली.