वाखान पट्टा

अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला चीनपर्यंत गेलेला चिंचोळा, डोंगराळ मुलूख. बदख्शान प्रांतात समाविष्ट. लांबी सुमारे ३५० किमी., रुंदी १३ ते ६५ किमी. उत्तरेस ताजिकिस्तान, पूर्वेस चीनचा सिंक्यांग प्रदेश, दक्षिणेस हिंदुकुश आणि त्यापलीकडे पाकिस्तानच्या ताब्यातील चित्रळ व गिलगिट. गिलगिट-बाल्टिस्तान हा लडाख केंद्रशासित प्रदेशाचा (२०१९ पूर्वी जम्मू-काश्मीरचा) भाग असल्याची भूमिका असल्याने भारत अफगाणिस्तानशी आपली १०६ किमी. सीमा येथेच मानतो. पामीर व वाखान या नद्या किला-ए-पंजाजवळ मिळतात आणि पुढे पंज नावाने वाहतात. पंज हा अमुदर्याचा वरचा प्रवाह होय.

प्राचीन काळी बदख्शानातून काश्गर व यार्कंदकडे (आजच्या सिंक्यांगमधील शहरे) जाणारे काफिले या खोऱ्यातून जात. ह्युएनत्संग भारतातून परतताना, साधारण ६४०–६४५ च्या दरम्यान, येथून गेला. मार्को पोलो बहुधा १२७० नंतरच्या दशकात. या मार्गासाठी बड्या सत्तांची (ब्रिटन व रशियाची) झुंज एकोणिसाव्या शतकात सुरू झाली असे सरसकट म्हटले जाते, पण ते पुरेसे नाही. आठव्या शतकात तिबेटने आपली राजकन्या देऊन लहान बोलोरच्या (आजचे गिलगिट-यासीन) राजाला आपल्या बाजूला वळवले होते. त्याला उत्तर म्हणून ७४७ मध्ये चीनच्या तांग राजवटीचा सेनापती गाओ श्यांजी सुमारे दहा हजार सैन्यासह वाखानात उतरला. वाखानातील सरहद या गावाजवळचा मानला जाणारा तिबेटी किल्ला त्याने घेतला आणि दारकोट खिंड ओलांडून राजाला पकडले. तिबेटी कुमक नदीकाठी पोहोचण्याच्या जरा आधी त्याच्या माणसांनी वेलींचा झुलता पूल तोडला होता.

अमुदर्याच्या उगमाचा वाद व सीमानिश्चिती : ब्रिटन व रशिया यांच्या परराष्ट्रमंत्र्यांमधील ग्रॅनव्हिल–गोर्चाकोव्ह समझोत्याने (१८७२–७३) पामीरमधील झोरकूल सरोवरापासून कोकचा या उपनदीच्या संगमापर्यंतची नदी ही बदख्शान-वाखानची उत्तर सीमा ठरली. त्याचा आधार जॉन वूड या नौदल अधिकाऱ्याने १८३८ मध्ये काढलेला निष्कर्ष होता : अमुदर्या झोरकूलमधून निघते. पुढे यार्कंदला गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळातील सर्वेक्षकांनी १८७४ मध्ये ही पाहणी वाढवली, तेव्हा दोन अडचणी उघड झाल्या. एक म्हणजे शुघनान व रोशान ही छोटी राज्ये नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली होती. दुसरी म्हणजे अक्सू–मुर्गाब–बारतंग हा प्रवाह अधिक लांब असल्याचे दिसू लागले. तो मुख्य मानला, तर नदीसीमा पार उत्तरेकडे सरकून पामीरचा मोठा भाग अफगाण अमीराच्या बाजूला गेला असता. कर्झनने १८९४ च्या प्रवासानंतर अफगाण-चीन सीमेवरील वाखजीर खिंडीखालची हिमनदी हाच उगम, असा पक्ष मांडला. अलीकडच्या क्षेत्रपाहणीत चेलाब हा ओढा लहान पामीरमध्ये (वाखानच्या पूर्व भागातील उंच कुरणप्रदेशात) दुभंगून एक फाटा अक्सूला, दुसरा वाखान नदीला मिळतो असे आढळले. झोरकूलचा पक्ष आज फारसा कोणी घेत नाही. चेलाबचे मत अधिक ग्राह्य वाटते.

झोरकूल सरोवरापासून चीनपर्यंतचा भाग १८७२–७३ च्या समझोत्यात मोकळाच राहिला होता. ऑगस्ट १८९१ मध्ये लहान पामीरमधील बोझाई गुंबझ येथे रशियन कर्नल योनोव्हने ब्रिटिश अधिकारी यंगहसबंडच्या छावणीत जेवण घेतले आणि काही दिवसांनी परत येऊन, हा मुलूख रशियाचा आहे, तो सोडावा, असे त्याला सांगितले. लंडनच्या निषेधानंतर रशियाने दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षअखेर ब्रिटिशांनी गिलगिटच्या उत्तरेकडील हुंझा-नगर ही राज्ये जिंकली. जुलै १८९२ मध्ये पामीरमधील सोमाताश येथे रशियन तुकडीने अफगाण चौकी उधळून लावली. अमीर अब्दुर रहमानला हे दूरचे, सांभाळण्यास महाग टोक नको होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा परराष्ट्र सचिव ड्युरंड याच्याबरोबरच्या १८९३ च्या वाटाघाटींत मात्र ते त्याच्याकडेच राहिले. पंजपलीकडचा शुघनान-रोशानचा भाग त्याला सोडावा लागला आणि त्याला ब्रिटिशांकडून मिळणारे वार्षिक अनुदान १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाले. ११ मार्च १८९५ च्या आंग्ल-रशियन करारानुसार वाखानचा हा पट्टा ब्रिटनने खालसा करायचा नाही व येथे लष्करी ठाणे किंवा किल्ला बांधायचा नाही असे ठरले. त्याच उन्हाळ्यात संयुक्त आयोगाने झोरकूलच्या पूर्व टोकापासून चिनी हद्दीपर्यंत सीमास्तंभ उभारले. चीनला बोलावले गेले नाही, पामीरच्या कुरणांवर जगणाऱ्या किरगिझांना तर नाहीच. हा अन्याय बहुतेक जुन्या नोंदींत एका वाक्यातही येत नाही. अफगाण-चीन सीमा-तह १९६३ मध्ये झाला.

लोकजीवन : खोऱ्यात वाखी (इस्माइली पंथीय, शेती व पशुपालन) आणि वरच्या पामीरमध्ये किरगिझ पशुपालक. सोव्हिएत व चिनी सीमा बंद झाल्यावर किरगिझांचे हिवाळी चराईचे व बाजाराचे मार्ग तुटले. १९७८ मध्ये रहमान कूल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १,३०० किरगिझ पाकिस्तानात गेले व १९८२ मध्ये तुर्कस्तानातील व्हान प्रांतात वसले.

सद्यस्थिती : वाखजीर खिंड (सुमारे ४,९२३ मी.) नियमित व्यापारासाठी बंद आहे. तालिबान राजवटीने लहान पामीरमधून चिनी हद्दीकडे कच्चा रस्ता काढला आहे. चीनने आपली बाजू अद्याप खुली केलेली नाही.