कुकी नावाचा बिल्ला

वेबसाइटला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, ते पाठवतो आणि तुम्हाला विसरून जातो. पुढच्याच क्षणी त्याच साइटचं दुसरं पान उघडलंत तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुणी नवेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची जुळणी केली, ती संशोधकांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत म्हणून. वाचायला आलेल्या माणसाला लक्षात ठेवायची गरज नव्हती, आणि लक्षात न ठेवल्यामुळे सर्व्हरचं कामही हलकं राहत होतं.

अडचण आली ती दुकान थाटताना. १९९४ साली नेटस्केप ही ब्राउझर, म्हणजे साइट उघडण्याचा प्रोग्रॅम, बनवणारी नवी कंपनी एमसीआय या अमेरिकन दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन विक्रीची व्यवस्था तयार करत होती. ग्राहकानं एक वस्तू निवडली आणि दुसरं पान उघडलं की पहिल्या वस्तूचा सर्व्हरला पत्ताच नसे. प्रत्येकाच्या अर्धवट खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवायला एमसीआयची तयारी नव्हती. नेटस्केपचे तरुण अभियंते लू माँटुली यांनी तोडगा काढला. सर्व्हरनं पानाबरोबर अक्षरं-आकड्यांची एक छोटीशी ओळ पाठवायची, ब्राउझरनं ती जपून ठेवायची, आणि त्याच साइटकडे पुन्हा जाताना दर वेळी सोबत न्यायची. हीच कुकी.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं तिचं काम चालतं. चपला सांभाळणाऱ्याला तुमचं नाव-गाव ठाऊक नसतं. बिल्ल्यावरचा आकडा कुठल्या कप्प्याचा, एवढंच तो पाहतो. ईमेलचा पासवर्ड टाकून एकदा आत गेलात की साइट तुमच्या ब्राउझरला असाच एक बिल्ला देते, आणि पुढच्या प्रत्येक क्लिकला पासवर्ड न विचारता त्या बिल्ल्यावर तुम्हाला ओळखते. तो नसता तर बँकेच्या साइटवर पानोपानी नव्यानं लॉगिन करावं लागलं असतं. म्हणूनच ‘सगळ्या कुकीज बंद करून टाका’ हा सरसकट सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

मात्र बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला तर चपलाही त्याच्याच. हा धोका ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरनं जगाला ढळढळीत दाखवून दिला. त्यानं फायरफॉक्स या ब्राउझरसाठी ‘फायरशीप’ नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, जाहीर केलं. त्या काळी फेसबुकसह बऱ्याच मोठ्या साइट फक्त लॉगिनच्या पानापुरतं एन्क्रिप्शन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी सांकेतिक लिपी, वापरत. त्यानंतरची सगळी ये-जा, कुकीसकट, उघड्यावरून होई. कॅफेतल्या खुल्या वाय-फायवर फायरशीप चालू केलं की आजूबाजूच्या लोकांची खाती नावाफोटोनिशी यादीत दिसू लागत, आणि नावावर क्लिक केलं की थेट त्यांच्या खात्यात शिरता येई. पासवर्ड फोडायची गरजच नव्हती. पुढच्या काही वर्षांत मोठ्या साइट पहिल्यापासून शेवटपर्यंत एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्शन असलेल्या ये-जावर, आल्या. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेनं २०१५ च्या अखेरीपासून त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, तशा लहानसहान साइटही सुधारल्या.

त्यामुळे स्टेशनवरच्या वाय-फायवरून कुकी पळवणं आज पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. चोर आता थेट आपल्या कॉम्प्युटरवर येतो. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या दीड कोटीहून अधिक सबस्क्रायबर असलेल्या यूट्यूब चॅनेलचा ताबा असाच गेला. प्रायोजकत्वाचा प्रस्ताव म्हणून आलेली एक फाइल तिथल्या कर्मचाऱ्यानं उघडली. ती पीडीएफ भासत होती, पण आत दडलेल्या प्रोग्रॅमनं ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज उचलून बाहेर पाठवल्या. ज्यांचा व्यवसायच तंत्रज्ञान समजावून सांगण्याचा, त्यांच्या बाबतीत हे घडलं. पासवर्ड कितीही अवघड असो, ओटीपी लावलेला असो, चोराच्या हातात ओटीपी दिल्यानंतर मिळालेला बिल्ला असतो. त्याला पुन्हा कुणी काही विचारत नाही.

यावर उपाय साधे आहेत आणि मला ते फार महत्त्वाचे वाटतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवू नका. कुकी चोरणारे प्रोग्रॅम बरेचदा त्याच वाटेनं येतात. कामाच्या साइटवरून उठताना नुसता टॅब बंद करू नका, लॉगआउट करा. टॅब बंद केल्यानं बिल्ला रद्द होत नाही. लॉगआउट केल्यावर बहुतेक साइट तो रद्द करतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये आपलं खातं कुठकुठल्या डिव्हाइसवर उघडं आहे याची यादी असते, ती अधूनमधून बघा आणि अनोळखी नाव दिसलं तर तिथूनच त्याला बाहेर काढा. बँकेची साइट पाच-दहा मिनिटं हात न लावता ठेवली की आपोआप बाहेर काढते, याचा अनेकांना वैताग येतो. पण ती तिथला बिल्ला जुना होऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे.

इथवरची कुकी तुमची आणि तुम्ही उघडलेल्या साइटची होती. खरा प्रश्न तिसऱ्याच्या कुकीचा आहे.

माँटुली यांच्यापुढे सुरुवातीला आणखी एक सोपा मार्ग होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. तो त्यांनी नाकारला, कारण मग कुठल्याही साइटला दुसऱ्या साइटशी नोंदी जुळवून माणसाचा माग काढता आला असता. म्हणून एका साइटची कुकी दुसरीला कधीच द्यायची नाही, असा नियम त्यांनी घातला. नियम चांगला होता, पण एक फट राहून गेली. वेबवरचं एक पान एकाच सर्व्हरवरून येतं असं नाही. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, शेजारची जाहिरात जाहिरात कंपनीच्या. ती जाहिरात आणायला गेलेला ब्राउझर त्या कंपनीचीही कुकी घेऊन येतो, आणि आपण कुठल्या साइटवरून आलो हेही बहुधा तिला सांगतो. तीच कंपनी हजारो साइटवर बसलेली असेल, तर सकाळी वाचलेली बातमी, दुपारी शोधलेलं मधुमेहाचं औषध आणि रात्री पाहिलेलं स्थळ हे सगळं एकाच क्रमांकाखाली जमा होतं. त्यासाठी जाहिरात दिसायचीही गरज नाही. एका पिक्सेलचं, म्हणजे एका ठिपक्याएवढं, पारदर्शक चित्र पुरतं.

डबलक्लिक ही जाहिरात कंपनी याच पद्धतीवर मोठी झाली, आणि ती ३.१ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा सौदा गूगलनं २००८ मध्ये पूर्ण केला.

हे थांबवता आलं असतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचं पहिलं अधिकृत मानक प्रसिद्ध झालं. लिहिणारे होते डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज ब्राउझरनं आपणहून स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते पाळलं नाही. त्या चालू ठेवण्यामागे माँटुली यांचा पुढे मांडलेला युक्तिवाद असा, की हा रस्ता बंद केला तर जाहिरातदार दुसरा, डोळ्यांना न दिसणारा रस्ता शोधतील. कुकी निदान पाहता आणि पुसता येते. त्यात तथ्य आहे, पुढे त्याकडे येतो. पण सेटिंग उपलब्ध असणं आणि ती आधीपासून चालू असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ब्राउझर हाती येतो तसाच बहुतेक लोक तो वापरतात. त्यामुळे मूळ सेटिंग काय ठेवायची हे जो ठरवतो, तो कोट्यवधी लोकांच्या खासगीपणाचा निर्णय त्यांच्या वतीनं घेऊन टाकतो.

आजचे ब्राउझर या एका मुद्द्यावर फार वेगळे वागतात. अॅपलच्या सफारीनं २००३ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिसऱ्याच्या कुकीजवर मर्यादा घातली आणि मार्च २०२० पासून त्या पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्स २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकीज आपणहून अडवतो, आणि जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवतो, म्हणजे एका साइटवरची नोंद दुसरीवर जुळत नाही. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या हद्दपार करू असं जाहीर केलं. मग मुदत पुन्हापुन्हा पुढे गेली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचाही आक्षेप होता, की कुकी गेल्यावर गूगलचे प्रतिस्पर्धी अधिक दुबळे होतील. अखेर एप्रिल २०२५ मध्ये गूगलनं आहे तीच व्यवस्था चालू ठेवायचं ठरवलं. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींचा आहे, हे ध्यानात ठेवून त्या निर्णयाकडे पाहावं असं माझं मत आहे.

म्हणजे क्रोम वापरणाऱ्यानं हे काम स्वतः करायचं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘थर्ड-पार्टी कुकीज’, आणि तिथे त्या ब्लॉक करण्याचा पर्याय. एखाद्या साइटवर त्यामुळे लॉगिन किंवा पैसे भरण्याची चौकट अडली, तर तेवढ्या साइटपुरती परवानगी देता येते. आईवडिलांच्या फोनवरही हे करून द्या. त्यांना त्यातलं काही कळावं लागत नाही, आणि फायदा मात्र रोजचा आहे.

इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. तिच्यात आपण कुणालाच दिसत नाही, असा मोठा गैरसमज आहे. त्या खिडकीत ब्राउझर कुकीजसाठी एक कोरी बरणी घेतो आणि शेवटची खिडकी बंद केली की ती फेकून देतो, इतिहासही ठेवत नाही. त्यापलीकडे फारसं काही नाही. समोरच्या साइटला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही पूर्वीसारखेच दिसता. गूगलवर याच कारणासाठी २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायला कंपनीनं मान्यता दिली. तरीही एका ठिकाणी इन्कॉग्निटो हवंच: झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत फॉर्म भरताना. प्रिंट काढायला तिथल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडून तसंच निघून जाणारे विद्यार्थी दर प्रवेशाच्या हंगामात दिसतात. तिथे आधी इन्कॉग्निटो उघडा, काम झालं की लॉगआउट करून सगळ्या खिडक्या बंद करा, आणि उतरवलेली फाइल डाउनलोड्समधून पुसा. ती ब्राउझर पुसत नाही.

आता माँटुली यांच्या त्या युक्तिवादाकडे. दुसरा रस्ता खरंच सापडला. त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. प्रत्येक ब्राउझर साइटला स्वतःबद्दल बरंच काही सांगत असतो: आवृत्ती, स्क्रीनचा आकार, टाइम झोन, भाषा, फॉन्ट. एकेक गोष्ट लाखो लोकांत सारखी असते, पण सगळ्या एकत्र केल्या की क्वचितच जुळतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१० मध्ये प्रयोगासाठी ४,७०,१६१ ब्राउझरचे असे ठसे गोळा केले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. यात काहीही साठवावं लागत नाही, म्हणून पुसण्यासारखंही काही उरत नाही.

मराठी माणसासाठी यात एक खास गोष्ट आहे. ब्राउझरची भाषा मराठी ठेवली असेल तर तो प्रत्येक साइटला ते सांगतो. पुण्यात बसलेल्या वाचकासाठी त्यानं फारसा फरक पडणार नाही. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या, घड्याळ तिथलं आणि भाषा मराठी अशा माणसाचा ब्राउझर अमेरिकन साइटच्या गर्दीत उठून दिसतो. म्हणून मराठी सोडावी असं मी मुळीच म्हणणार नाही. माणसानं आपल्या भाषेत वाचावं आणि ते झाकण्याचं काम ब्राउझरनं करावं. सफारी, फायरफॉक्स त्या दिशेनं काही पावलं टाकत आहेत, आणि ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर तर आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितका सारखाच चेहरा देतो. आपल्या हातात आहे ते एवढंच, की एक्स्टेन्शन्सची भाराभर गर्दी करू नये. त्यातली काही साइटना ओळखता येतात, आणि तेवढा ठसा अधिक वेगळा होतो. शिवाय एक्स्टेन्शनला अनेकदा सगळी पानं वाचायची परवानगी असते. युब्लॉक ओरिजिनसारखं एखादं विश्वासाचं, माग काढणाऱ्यांना अडवणारं एक्स्टेन्शन पुरे. क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती मिळते.

राहिली ती पानावर येणारी संमतीची चौकट. ती युरोपच्या कायद्यांमुळे आली. तिथेही ‘स्वीकारा’चं बटण ठळक आणि नकार तीन क्लिक आत, असे प्रकार झाले. त्यासाठी फ्रान्सच्या नियामकानं जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला. ‘नाकारा’ हे बटण दिसलं तर बिनदिक्कत तेच दाबा, साइट सहसा तितकीच नीट चालते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा अशी तरतूद आहे. आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.