ग्रूप छोटा पाहिजे

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात पहिल्यांदा .२२ रायफल हातात आली (हा आकडा म्हणजे नळीच्या भोकाची अंदाजे रुंदी, इंचांत). चटईवर पालथं पडायचं, पाच काडतुसं, पंचवीस मीटरवर कागद. माझ्या पाचही गोळ्या काळ्या ठिपक्याच्या डावीकडे, चार बोटं खाली गेल्या होत्या. मी खजील होऊन उभा. उस्तादांनी कागद हातात घेतला, खिशातली काडेपेटी काढून भोकांवर ठेवली. पाचही झाकली गेली. "ग्रूपिंग बढिया है. सेंटर की चिंता मत करो, वो तो साइट घुमाने से आएगा." शेजारच्या मुलाच्या दोन गोळ्या थेट ठिपक्यात होत्या आणि उरलेल्या तीन कागदभर. त्याला मात्र शाबासकी मिळाली नाही.

अचूक रायफल म्हणजे काय, याचं उत्तर त्या काडेपेटीत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. गोळी मधोमध लागणं हा दुर्बिणीचा स्क्रू फिरवण्याचा प्रश्न आहे. पहिली गेली तिथेच दुसरी, तिसरी, दहावी जाणं हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. आणि तो सर्वांत निगुतीने कुणी सोडवला असेल, तर अमेरिकेतल्या शेतावरचे उपद्रवी प्राणी मारणाऱ्या लोकांनी.

तिकडे या प्राण्यांना 'वार्मिंट' म्हणतात. 'वर्मिन' या शब्दाचं ते गावठी रूप. पूर्वेकडे ग्राउंडहॉग, दोन ते सहा किलोचा, शेतात बिळं खणणारा कृंतक. (पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्ससटॉनी गावात दर २ फेब्रुवारीला त्याच्याच एका भाऊबंदाला हारतुरे घालून हवामानाचा अंदाज विचारतात. शेतकरी मात्र त्याच्या नावाने बोटं मोडतो.) पश्चिमेच्या गवताळ मैदानांत प्रेअरी डॉग, म्हणजे नावाला कुत्रा आणि प्रत्यक्षात खारीच्या कुळातला, किलोभर वजनाचा. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहतो तेव्हा त्याची रुंदी जेमतेम तळहाताएवढी असते, आणि माणूस दोनशे मीटरवर आला की तो सावध होतो.

हरणाच्या शिकाऱ्याला वीतभर जागेत गोळी लागली तरी पुरते. इथे तेवढी चैन नाही.

कोन मोजायचं नेमबाजांचं माप 'मिनिट' आहे, एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटिमीटर, दोनशेवर ५.८. प्रेअरी डॉगसाठी रायफलीचा ग्रूप एका मिनिटाच्या आत हवा. शिवाय माणसाचा हात आणि वारा आपापला वाटा घेणार, म्हणून अर्ध्या मिनिटाची रायफल मिळाली तर उत्तम.

गोळी लहान का, यामागे तीन साधी कारणं आहेत. हलकी गोळी फार वेगाने सोडता येते, त्यामुळे ती वाटेत कमी पडते. .२२ रिमफायरची, म्हणजे एनसीसीवाली गोळी दोनशे मीटर जाईपर्यंत दोन मीटरांहून जास्त खाली येते; तेवढ्याच जाडीची, पण जास्त दारू भरलेल्या .२२३ काडतुसाची सुमारे पाव मीटर. दुसरं, धक्का कमी, त्यामुळे गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतःलाच दिसतं. तिसरं, पातळ कवचाची वेगवान गोळी जमिनीवर आपटताच फुटून जाते, उसळी मारून पलीकडच्या गोठ्यापर्यंत जात नाही.

या वाटेवर पहिलं नाव .२२ हॉर्नेट, १९३० चं. मग १९३५ साली विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट आणलं: तीन ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे १,२५० मीटर, आवाजाच्या साडेतीन पटींहून जास्त वेग. नळ्या खाण्याबद्दल त्याची ख्याती झाली. एवढी दारू एवढ्या अरुंद भोकातून जाळायची म्हणजे चेंबरपुढचं, काडतूस बसतं त्या जागेपुढचं, पोलाद लवकर झिजणारच. १९५० मध्ये रेमिंग्टनचा अभियंता माइक वॉकर याने .२२२ तयार केलं. ते स्विफ्टपेक्षा बरंच हळू होतं, पण टेबलावर रायफल टेकवून केवळ ग्रूप मोजणाऱ्या 'बेंचरेस्ट' स्पर्धांत पुढची वीसेक वर्षं त्याचंच राज्य होतं. दुकानात रायफल घेताना लोक अजून आधी वेग विचारतात. मला विचाराल तर हा प्रश्न तिसरा-चौथा असावा.

आधी विचारायचं ते गोळीबद्दल. मिलफर्ड, मॅसॅच्युसेट्स इथला फ्रँकलिन मान हा शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्याची कित्येक वर्षं त्याने एकाच प्रश्नामागे घालवली: एकाच बंदुकीतून सुटलेल्या दोन गोळ्या वेगळ्या जागी का जातात? माणसाचा हात वगळण्यासाठी त्याने बंदुकीची नळी काँक्रीटच्या पायावर बसवली. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे टांगले, म्हणजे ती कुठे कशी कलली ते भोकांवरून वाचता येईल. आणि मग त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. कुणाचं नाक ठेचलं, कुणाचा तळ तिरका तासला, कुणाच्या कुशीत भोक पाडलं. नाक ठेचलेल्या गोळ्या बऱ्यापैकी गुमान गेल्या. तळ बिघडलेल्या आणि एका बाजूला जड झालेल्या गोळ्या मात्र भरकटल्या. १९०९ साली त्याने हे सगळं छापलं.

कारण समजायला गोफण आठवावी. गोळी नळीत असते तोवर नळीच्या मध्यरेषेभोवती फिरते, कारण आतले पिळाचे खाचे तिला तसं फिरवतात. बाहेर पडताक्षणी तिला नळीचं बंधन राहत नाही. ती स्वतःच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागते. ही दोन केंद्रं एकाच जागी नसली, तर गोफणीतून दगड सुटावा तसं ते केंद्र त्या क्षणी ज्या दिशेला फिरत असेल, तिकडे गोळी आडवी ढकलली जाते. हिशेब कागदावर करता येतो. समजा पीळ बारा इंचांत एक फेरा असा आहे, म्हणजे ३०५ मिलिमीटरला एक फेरा. केंद्र एक शतांश मिलिमीटर सरकलेलं आहे, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या भागाएवढं. एका फेऱ्यात ते ०.०६३ मिलिमीटरचा घेर फिरतं आणि तेवढ्यात गोळी ३०५ मिलिमीटर पुढे जाते. याच प्रमाणात ती शंभर मीटरवर २ सेंटिमीटर बाजूला जाईल. एका गोळीची जड बाजू वर, दुसरीची खाली, की दोघींमध्ये चार सेंटिमीटर अंतर. रायफल निर्दोष, नेम निर्दोष, तरी मिनिटाची मर्यादा ओलांडलीच.

या हिशेबात वेग कुठेच आला नाही, हे लक्षात आलं का? आला तो पीळ. चौदा इंचांचा सैल पीळ असेल तर हीच चूक पावणेदोन सेंटिमीटर होते, सात इंचांचा घट्ट असेल तर साडेतीन. म्हणून जुन्या वार्मिंट रायफलींना चौदा इंचांचा पीळ असे. पण फार सैल ठेवला तर गोळी भोवऱ्यासारखी डगमगते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो, हे जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्येच सूत्रात बांधलं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या नव्या रायफलीला हाच चौदा इंचांचा पीळ होता. ध्रुवीय थंडीच्या दाट हवेत गोळ्या डळमळू लागल्या, तेव्हा तो बारावर आणावा लागला.

नळीचं गणित त्यामानाने सरळ आहे. गोळी उडते तेव्हा नळी घंटेसारखी थरथरते आणि गोळी त्या थरथरीत कुठल्यातरी क्षणी बाहेर पडते. सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर जाड नळी साडेतीन पट ताठ. वार्मिंट रायफल मुसळासारखी दिसते ती यामुळे. जाड नळी तापतेही हळू. ती लाकडी वा प्लास्टिकच्या दस्त्याला कुठे टेकू नये म्हणून मध्ये फट ठेवतात. दुकानात नळी आणि दस्त्याच्या मधून नोट सरकवून बघायची, अडली तर पुढच्या रायफलीकडे वळायचं. आणि नळीचं तोंड नखाने चाचपायचं. तिथे एखादा ओरखडा असेल तर मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीच्या तळाला ढोसतो. तळाचं महत्त्व मानने सांगितलंच आहे.

आता विक्रेत्याचा कागद. तीन गोळ्यांचा एक देखणा ग्रूप, भोकाला भोक चिकटलेलं, जपून ठेवलेला. हा कागद खोटा नसतो, आणि तरी त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. समजा एका रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रूप सरासरी २ सेंटिमीटरचे येतात. त्याच रायफलीने, काहीही न बिघडता, दहा गोळ्यांचा ग्रूप काढला तर तो सुमारे ३.२ सेंटिमीटर येईल. गोळ्या वाढल्या की एखादी कडेला जाण्याची शक्यता वाढते, एवढंच. तीन गोळ्यांचे दहा ग्रूप काढले तर त्यातला सर्वांत लहान सरासरीच्या निम्मा किंवा त्याहूनही लहान निघेल. लोक खिशात ठेवतात तो हाच. उरलेले नऊ कचऱ्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी 'आज नेम लागत नाही' म्हणून स्क्रू फिरवत बसतात. दहा गोळ्यांचा एक कागद मागावा, तोही त्याच काडतुसांचा, जी आपण वापरणार. एकाच कारखान्याच्या काडतुसांचे दोन घाणे एकाच नळीतून वेगळे ग्रूप देतात. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंज्यात धरून घाण्यामागून घाणे तपासतात आणि जो जमतो त्याच्या पेट्याच्या पेट्या घेऊन ठेवतात.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं, ते .२२ रिमफायर रायफलीने. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ ची. गंमत म्हणजे हे नेमबाज मुद्दाम आवाजाहून हळू जाणारी काडतुसं वापरतात. वारा गोळीला किती ढकलतो, हे ती हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेच्या अडवणुकीमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. आवाजाच्या वेगाजवळ ही अडवणूक एकदम चढते, म्हणून जरा वेगवान रिमफायर गोळी वाऱ्यात उलट जास्त वाहते. त्या त्रासातून सुटायचं तर एकतर आवाजाच्या खाली राहायचं, नाहीतर २००२ साली आलेल्या .१७ एचएमआर या काडतुसासारखं दुपटीहून वर जायचं. मधलं काही कामाचं नाही. शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतच्या कामाला हे छोटं काडतूस पुरतं; त्यापुढे .२२३, आणि उघड्या माळावर तीनशे मीटरची हौस असेल तर त्याहून वेगवान .२२-२५०, नळी लवकर बदलायची तयारी ठेवून.

आपल्याकडे हा हिशेब शेतात लागू होत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा, शस्त्र कायदा १९५९ चा, आणि शेतात रानडुकरं उतरली तरी आधी वनखात्याचा दरवाजा. अमेरिकेतही प्रेअरी डॉग पूर्वीच्या मानाने फार थोड्या जागेत उरलेत आणि त्यांच्यावरच जगणारं काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखं दिसणारं एक लहान शिकारी जनावर, जवळजवळ संपलं होतं, हे तिथल्या शिकाऱ्यांच्या गप्पांत क्वचितच येतं.

पण शिशाचा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. फुटलेल्या गोळीचे कण मेलेल्या प्राण्यात राहतात, गरुड आणि काँडर गिधाडं ते खातात आणि त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. पर्याय तांब्याचा. तांब्याची घनता सुमारे ९, शिशाची ११.३, तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते, आणि लांब गोळीला पीळ घट्ट लागतो. आजोबांची चौदा इंची पिळाची स्विफ्ट आज कपाटातून काढली, तर तिला हलकी, आखूड गोळी शोधावी लागते. नवीन घेणारा बारा किंवा नऊ इंची पिळाची नळी मागतो, आणि केंद्र सरकण्याची ती दोन ते पावणेतीन सेंटिमीटरची चूक पत्करतो. एकाच धातूच्या गोळीत कवच आणि गाभा अशी भानगड नसते, त्यामुळे ते केंद्र मुळात कमी सरकलेलं असेल, या भरवशावर.